दगडी साहेबाची आंघोळ

बागेत त्याला सगळे आंघोळ्या म्हणत.

बाग म्हणजे चार कुंड्या आणि एक घसरगुंडी नव्हे. शहराच्या पोटात राहून गेलेलं अख्खं रान होतं ते. गोऱ्यांचं राज्य होतं तेव्हा त्यांनी तिथली वस्ती उठवली, जुनी झाडं तेवढी ठेवली आणि मधल्या मोकळ्या जागांत आपल्या मेलेल्या माणसांची स्मारकं उभी केली. लढाईत पडलेल्या शिपायांचा खांब, बँड वाजवायची छत्री, एक कारंजं, आणि सगळ्यात आत, जिथं दुपारीही उन्हाचे नुसते ठिपके पडत, तिथं दगडी घुमटीखाली खुर्चीत बसलेला संगमरवरी लाटसाहेब. त्याच्या पायाशी मांडीवर मूल घेऊन रडत बसलेली एक संगमरवरी बाई. राज्य गेलं, गोरे गेले, हा मात्र खुर्ची सोडून उठला नाही. खुर्चीवर बसलेला कुठला उठतो?

उठवलेल्या वस्तीत आंघोळ्याचा आजा होता. आजाला ज्यानं हाकललं त्याच्याच कानामागचा मळ नातू काढत होता, तोही सरकारी पगारावर. यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं आणि आंघोळ्याला तर नाहीच नाही. हे काम आधी त्याच्या बापाकडे होतं, बापानंतर त्याच्याकडे आलं. छत्रीच्या मागं, फावडी-घमेली ठेवायच्या शेडला लागून दोन खोल्या होत्या, पत्र्याच्या. त्या कामाबरोबर मिळायच्या. आंघोळ्या तिथंच जन्मला, तिथंच त्याचं लग्न झालं, तिथंच त्याची लेक झाली.

"जित्या पोरीच्या डोक्यावर कधी तांब्याभर पाणी घातलं नाहीत," बायको म्हणायची, "आणि त्या मेलेल्या गोऱ्याला बघा कसं चोळून चोळून!"

"पोरगी रडते," आंघोळ्या म्हणायचा. "साहेब रडत नाही."

"ती बाई रडतेय की पायाशी."

"ती आपली आपली रडते. माझ्या नावानं नाही."

बापाच्या वेळी नुसतं पाणी आणि मऊ ब्रश होता. मग एकदा कुणी मोठा मंत्री बागेत यायचा होता, आणि तेव्हाचे अधीक्षक घुमटीखाली येऊन कमरेवर हात ठेवून म्हणाले, "हा असा पिवळा का? कावीळ झालीय का याला? मला पांढरा पाहिजे." स्टोअरमधून अ‍ॅसिडचा कॅन आला. तेच, संडास धुवायचं. आंघोळ्या तेव्हा नवा होता. त्यानं तोंडाला फडकं बांधलं आणि पहिला मग साहेबाच्या गुडघ्यावर ओतला. दगड फसफसला, त्यातून वाफ निघाली, डोळ्यांत पाणी आलं. आणि फेस वाहून गेल्यावर खाली दुधासारखा पांढरा गुडघा! अधीक्षकांनी सगळ्यांसमोर त्याच्या पाठीवर थाप मारली. बापाची सबंध नोकरी गेली, त्याच्या पाठीवर कधी कुणी थाप मारली नव्हती.

तेव्हापासून अ‍ॅसिड. अधीक्षक बदलले, मंत्री बदलले, कॅन तोच राहिला. फक्त एक गंमत होती. साहेब पूर्वीपेक्षा लवकर काळा पडायला लागला. धुतला की महिन्याभरात पुन्हा मळकट. आंघोळ्या म्हणायचा, शहराची हवाच नासली. मग पुन्हा धुवायचा. काळा पडला की धुवायचा आणि धुतला की जास्त काळा पडायचा, आणि हे असं का, हे त्याला सांगणारा एकही शिकलेला माणूस त्या ऑफिसात नव्हता. शिकलेले होते. सांगणारे नव्हते.

त्याच्या हाताची सालटं निघून बोटं गुळगुळीत झाली होती. हजेरीला अंगठ्याचं मशीन आलं तेव्हा सगळ्यांचे अंगठे लागले, याचा लागेना. मशीन लाल दिवा दाखवायचं. स्टोअरकीपर पोट धरून हसला, "अरे आंघोळ्या, तू या जगात नाहीसच!" या स्टोअरकीपरला बागेत कुलूप म्हणत, कारण चहाला जाताना सुद्धा तो स्टोअरला कुलूप घालून ते दोनदा ओढून बघायचा.

आता आंघोळ्याची नोकरी संपत आली होती, आणि त्याच्या डोक्यात एकच किडा होता: लेक. लेक बारावी झालेली, बागेतच रोजंदारीवर पालापाचोळा झाडायची. आज आहे, उद्या नाही म्हटलं तर घरी. ती बापाच्या जागी लागली असती तर कायम झाली असती, आणि दोन खोल्या राहिल्या असत्या. नाहीतर तिघांनी जायचं कुठं? अधीक्षकांना त्यानं कितीदा तरी विचारलं होतं. ते म्हणायचे, "बघू." साहेबलोकांचं 'बघू' म्हणजे काय ते सगळ्या जगाला ठाऊक असतं; ज्याला गरज असते त्याला तेवढं ठाऊक नसतं.

मग बातमी आली की बागेतली स्मारकं शहराचा वारसा म्हणून जाहीर होणार. समिती येणार. समितीबरोबर दगडांची डॉक्टर येणार.

"दगडाला डॉक्टर?" बायको म्हणाली. "मला खोकला होऊन वर्ष झालं, मला कुणी डॉक्टर आणला नाही."

अधीक्षकांनी आंघोळ्याला बोलावलं. "हे बघ, समिती खूश झाली पाहिजे. झाली, तर तुझ्या पोरीचं काम मी त्याच आठवड्यात करून टाकतो. माझा शब्द."

पहिल्यांदाच 'बघू' नव्हतं. शब्द होता. आंघोळ्या हवेत चालत स्टोअरला गेला आणि कुलुपाकडून दोन कॅन भरून घेऊन आला.

समिती येणार त्याच्या आदल्या दिवशी त्यानं साहेबाला जन्मात घातली नव्हती अशी आंघोळ घातली. पाणी न मिसळता. लेक झाडता झाडता थांबली.

"बाबा, त्यात पाणी तरी घाला. तिकडं कारंज्यापर्यंत घसा जळतोय."

"आज पाणी नाही. आज असली."

"ब्रश तरी बदला. तारेचा कशाला?"

"तुझ्या नोकरीसाठीच घासतोय, बाई. गप झाड तू."

घुमटीच्या कोपऱ्यांतून, कोटाच्या चुण्यांतून, बाईच्या केसांतून, मुलाच्या मांडीखालून त्यानं काळं म्हणून ठेवलं नाही. दिवस मावळताना मागं सरून पाहिलं तर झाडीच्या काळोखात साहेब एखाद्या दिव्यासारखा पेटला होता. बायकोला हाताला धरून आणून दाखवला. ती घुमटीभोवती एक फेरी मारून आली. "नवरदेव केलात की हो म्हाताऱ्याला," म्हणाली.

सकाळी समिती आली. पाच-सहा माणसं, अधीक्षक पुढं, कुलूप मागं, हार नाहीत एवढंच. डॉक्टरीण मध्यम वयाची, पायात जाड बूट, गळ्यात भिंग. आंघोळ्या धुतलेला सदरा घालून घुमटीच्या खांबाशी उभा होता. लेक जरा लांब, हातात झाडू.

बाकीचे "वा, वा" म्हणाले. डॉक्टरीण सरळ साहेबाच्या गुडघ्याशी गेली आणि त्यावरून तिनं बोट फिरवलं. मग ते बोट अंगठ्यावर चोळलं. बोटाला दगडाचेच साखरेसारखे कण लागले होते. ती वाकून रडणाऱ्या बाईच्या तोंडाजवळ गेली, भिंग डोळ्याला लावलं, आणि बराच वेळ तशीच राहिली. चौथऱ्यावरच्या अक्षरांवरून तिनं तळहात फिरवला, आंधळी माणसं फिरवतात तसा. अक्षरं नव्हती. खड्ड्यांच्या सावल्या तेवढ्या होत्या.

ती उठली आणि म्हणाली, "हे कुणी केलं?"

आवाज अगदी हळू होता. रागाचा म्हणावा असा नव्हताच. आंघोळ्यानं सदरा खाली ओढला, छाती पुढं काढली, आणि सगळ्यांच्या पुढं येऊन म्हणाला, "मी, बाईसाहेब. मी एकट्यानं."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

तिनं त्याच्याकडं पाहिलं. मग खिशातून फोन काढून एक चित्र त्याच्यासमोर धरलं. जुना फोटो. तीच बाई, तीच मान. पण हिच्या पापण्या जड होत्या, ओठ एकावर एक दाबलेले होते, गालावर एक थेंब कोरलेला होता. मांडीवरच्या मुलानं आईचं बोट मुठीत धरलं होतं, आणि मुठीवर नखं होती, तांदळाच्या कणीएवढी. आंघोळ्यानं फोटोवरून मान उचलून समोर पाहिलं. समोर बाई नव्हती. पावसात राहिलेली साबणाची वडी असावी तसं काहीतरी होतं. नाक होतं तिथं टेंगूळ, मूठ होती तिथं गोळा. तो त्या तोंडावरून रोज हात फिरवत होता. रोज बघणाऱ्याला काही दिसत नाही. पोरानं बोट धरलेलं त्याला आता आठवलं. बाप त्या बोटाच्या फटीतली माती काडीनं काढायचा.

"कशानं धुता?" डॉक्टरणीनं विचारलं.

"अ‍ॅसिड," तो म्हणाला. "स्टो..."

"चहा सांग जा रे सगळ्यांना," अधीक्षक म्हणाले. "पळ."

तो पळाला. चहा सांगून, पेले मोजून घेऊन तो परत आला. एवढं झाल्यावर सुद्धा.

दुपारी अधीक्षकांच्या खोलीत दार लावून घेतलं. कुलुपानं ते ओढूनही बघितलं.

"उद्या समिती तुला विचारील," अधीक्षक म्हणाले. "तू सांगायचं की अ‍ॅसिड तू बाजारातून आणत होतास. तुझ्या मनानं. ऑफिसला माहीत नव्हतं."

"पण साहेब, मागच्या सगळ्या साहेबांनी..."

"मागचे साहेब आता कुठं आहेत? इथं मी आहे. चौकशी लागली तर सगळं बंद पडेल. नेमणुका पण बंद. मग तुझ्या पोरीचं मी काय करू?"

"तुझं काय जातंय?" कुलूप म्हणाला. "तू तर चाललासच घरी. जाता जाता एक ओझं घेऊन गेलास, तर मागच्यांचं भलं होईल. बाप कशाला असतो?"

हे शेवटचं वाक्य त्या नालायकानं बरोबर जागी मारलं.

घरी लेकीनं ऐकलं आणि हातातली परात खाली ठेवली.

"खोटं बोलायचं नाही."

"अगं, शब्द दिलाय त्यांनी."

"कुठं लिहून? या पत्र्यावर? बाबा, स्टोअरमध्ये आत्ता पण कॅन पडलेत. मी डॉक्टरीणबाईंना नेऊन दाखवते."

"कुलूप किल्ली देईल तुला?"

"खिडकीतून दिसतात. सगळ्या बागेला माहितीय, बाबा. माळ्यांना माहितीय, वॉचमनला माहितीय."

"माहीत असणारे बोलतात का?" बायको म्हणाली. ती चुलीशी बसली होती, तोंडाला पदर लावून खोकत. "तू पण गप बस. तुझा बाप बोलला न बोलला, दोष त्याच्याच डोक्यावर बसणार. चोर सोडून संन्याशाला फाशी, हे काय आजचं आहे? मग निदान खोल्या तरी राहू देत."

"खोल्या राहणार नाहीत, आई! हे लोक वाचतील, बाबा बुडतील, आणि मला सुद्धा काही मिळणार नाही. मला नको ती नोकरी. बाबा, माझ्याकडं बघा. माझ्यासाठी म्हणून करू नका. माझ्या नावावर टाकू नका हे."

आंघोळ्यानं तिच्याकडं पाहिलं नाही. तो आपल्या हातांकडं बघत होता. त्याला अधीक्षकांचा राग येत नव्हता, कुलुपाचा येत नव्हता. त्याला ती मूठ दिसत होती. आपणच केलंय ना, असं त्याला आतून वाटत होतं, आणि ज्याला आतून तसं वाटतं त्याच्या गळ्यात दोर अडकवायला फार ताकद लागत नाही.

दुसऱ्या दिवशी त्यानं समितीसमोर उभं राहून सांगितलं. बाजारातून आणत होतो. माझ्या मनानं. कुणी सांगितलं नाही, कुणाला माहीत नव्हतं.

"इतकी वर्षं?" डॉक्टरीण म्हणाली. "कुणालाच वास आला नाही?"

कुलूप छताकडं बघत होता. तिनं अधीक्षकांकडं एकदा पाहिलं, आणि त्या पाहण्यावरून आंघोळ्याला कळलं की हिला कळलंय. सगळं कळलंय. तो वाट बघत राहिला. ती आता पुढचं विचारील, मग आपल्याला नाइलाजानं सांगावं लागेल, मग सुटलो. पण तिनं भिंग पेटीत ठेवून पेटी बंद केली. तिला दगड वाचवायचा होता. माणसाचं खातं वेगळं असतं, आणि ते खातं या देशात कुठल्याच डॉक्टरकडं नसतं.

समितीचा निकाल पंधरवड्यात आला. दगड इतका खंगलाय की त्याला आता पाणी सुद्धा लावायचं नाही. घुमटीभोवती कठडा. लांबूनच बघायचं. देखभाल एका खाजगी कंपनीकडं. आणि धुवायचंच नाही, तर धुणारा कशाला? ती जागा रद्द.

आंघोळ्या अधीक्षकांच्या दारात जाऊन उभा राहिला.

"मी शब्द दिला होता," अधीक्षक म्हणाले, "तुझ्या जागेवर तिला घ्यायचा. आता जागाच राहिली नाही, त्याला मी काय करू? तूच सांग. तूच तर धुऊन टाकलीस."

त्यांना स्वतःच्या विनोदाचं हसू आलं, पण त्यांनी ते आवरलं. तेवढी माणुसकी त्यांच्याकडं होती.

खोल्याही गेल्या. समितीच्या जुन्या नकाशात छत्रीच्या मागं झाडं होती, पत्रे नव्हते. पत्रे काढायला आलेल्या लोकांनी शेड आधी पाडली, मग खोल्या. बायको गाठोड्यावर बसून बघत होती. "आजेसासऱ्यांना तरी गोऱ्यांनी हाकललं होतं," एवढंच म्हणाली.

शहराच्या कडेला, इस्त्रीच्या दुकानावर एक खोली मिळाली. जमीन कायम गरम. लेक बापाशी बोलायची बंद झाली. रागानं भांडी आपटत नव्हती, टोमणे मारत नव्हती. ताट वाढायची, पाणी ठेवायची, आणि त्याच्यातून आरपार बघायची. अंगठ्याच्या मशीनसारखी. आंघोळ्याला वाटायचं, हिनं एकदा शिव्या द्याव्यात.

मग एक दिवस ती निळा गणवेश घालून कामावर गेली. बायकोनं त्याला सांगितलं: बागेतच लागलीय. कंपनीत. येणाऱ्या माणसांना फिरवून स्मारकांची माहिती सांगायची. कायम नाही, कंत्राट. बोलणारी, शिकलेली मुलगी पाहिजे होती, आणि बाग हिच्याएवढी कुणाला माहीत?

"मग चांगलंच झालं की," आंघोळ्या म्हणाला. बऱ्याच दिवसांनी त्याचा चेहरा उजळला.

"चांगलं?" बायको म्हणाली. "पहिल्याच दिवशी तिनं लोकांना सांगितलं, अ‍ॅसिड स्टोअरमधून मिळायचं. सुपरवायझरनं बाजूला घेऊन दम दिला. म्हणाला, समितीसमोर जे बोललं गेलं तेवढंच बोलायचं. कामगारानं स्वतःच्या तोंडानं सांगितलंय. तू काय त्याच्यापेक्षा जास्त जाणतेस? सांगितलंय तसं बोल, नाहीतर गणवेश ठेव."

"मग?"

"मग काय! घरात कमावणारं दुसरं कोण आहे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी धुतलेला सदरा घालून आंघोळ्या बागेत गेला. फाटकावर तिकीट लावलं होतं. जिथं जन्मला त्या जागेत त्यानं तिकीट काढून पाऊल टाकलं. घुमटीकडं जाणारी वाट फरशीची झाली होती. झाडीत पंधरा-वीस माणसं उभी होती, मुलं, म्हातारे, एक नवं जोडपं. तो मागं जाऊन उभा राहिला.

लेक कठड्याशी होती. केस घट्ट बांधलेले, आवाज स्वच्छ. साहेब कोण, कधीचा, दगड कुठून आणला, सगळं ती सांगत गेली. तिनं त्याला पाहिलं. एका शब्दापुरती थांबली, आणि पुढं गेली.

"खालच्या स्त्रीच्या चेहऱ्यावर पूर्वी अश्रू कोरलेला होता. बागेतल्या एका अडाणी कामगारानं कुणालाही न विचारता, स्वतःच्या मनानं, बाजारातून अ‍ॅसिड आणून वर्षानुवर्षं हे शिल्प धुतलं. त्यामुळे आज आपल्याला तिचा चेहरा दिसत नाही."

लोक चुकचुकले. नव्या जोडप्यातली मुलगी म्हणाली, "ईऽ, कसली माणसं असतात!"

आंघोळ्याच्या शेजारी एक जाडजूड गृहस्थ उभे होते. ते मोठ्यानं म्हणाले, "अशा माणसाला त्याच अ‍ॅसिडनं आंघोळ घातली पाहिजे!"

सगळे हसले. गृहस्थांनी दाद मिळावी म्हणून शेजारी पाहिलं. "काय आजोबा, बरोबर की नाही?"

"बरोबर," आंघोळ्या म्हणाला, आणि तोही हसला. साहेबलोक हसले की हसायची त्याला जन्मभराची सवय होती.

लेक कठड्यावर हात ठेवून उभी होती. हसू ओसरेपर्यंत ती थांबली. सुपरवायझर जवळच्या झाडाखाली उभा राहून ऐकत होता.

"कुणाला काही विचारायचं आहे?" ती म्हणाली.

कुणाला काही विचारायचं नव्हतं.

"मग इकडून या. पुढं कारंजं आहे."

माणसं तिच्या मागून निघाली. आंघोळ्या तिथंच उभा राहिला, तसा कंपनीचा गार्ड काठी जमिनीवर आपटत आला. "चला आजोबा, चला. इथं एकट्यानं थांबायचं नाही."